ओव्हरलोडचा दंड गाडीवर आणि माल भरून देणारा मोकळा: केंद्रीय कायद्यात नेमका कोणता बदल मागावा?

प्रश्न (शिरोली, जि. कोल्हापूर, दोन ट्रकचा मालक)

माझे दोन सहाचाकी ट्रक आहेत आणि शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींमधून (ओतकाम कारखान्यांतून) कास्टिंग म्हणजे ओतीव सुटे भाग भरून ते पुणे व बेंगळुरूकडे जातात. गेल्या महिन्यात एका कारखान्यात माझ्या चालकाने आधी काट्यावर वजन करून मगच निघतो असे सांगितले, तेव्हा "जमत नसेल तर गाडी बाहेर काढ, मागे दुसरी उभी आहे" असे उत्तर त्याला मिळाले. पुढे महामार्गावर गाडीचे वजन झाले आणि तीन टन माल जादा निघाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे मूळ दंड 20,000 रुपये आणि जादा टनामागे 2,000 रुपये, म्हणजे एकूण 26,000 रुपये होतात. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवता येत नाही. गाडी माझी आहे, त्यामुळे माझी जबाबदारी मी नाकारत नाही. पण ज्याने तो माल हौद्यात चढवला त्याचे नावही कोणत्या कागदावर आले नाही.

2018 मध्ये एक्सलभाराची, म्हणजे चाकांच्या एका आसावर किती भार चालेल याची, मर्यादा वाढली आणि माझ्यासारख्या दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेले, तेव्हा जादा भरण्याची सक्ती थांबेल असे मला वाटले होते. माझ्या अनुभवात तरी मागणीच तेवढी वर सरकली. आम्ही काही वाहतूकदार मिळून खासदारांना निवेदन देणार आहोत. त्यात दंड कमी करा असे आम्हाला म्हणायचे नाही. मग काय मागावे?

उत्तर १ (वकील, अपघात भरपाईचे दावे चालवतो)

दंड कमी करण्याची मागणी आपण टाळली, हे योग्य केले. कलम 194 मध्ये केवळ वाहन चालवणारा नव्हे, तर ते चालवण्यास लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी धरला आहे. "चालवण्यास लावणारा" या शब्दांत माल भरून देणाऱ्यालाही ओढता येईल असा युक्तिवाद करता येतो. परंतु चलान वाहन क्रमांकावर निघते आणि तपास तिथेच थांबतो. म्हणून जो अर्थ आज ओढूनताणून काढावा लागतो, तो स्वतंत्र कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिला जावा, अशी मागणी करावी.

ऑस्ट्रेलियात 2014 पासून लागू असलेल्या राष्ट्रीय अवजड वाहन कायद्यात "जबाबदारीची साखळी" हे तत्त्व आहे. माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक ठरवणारा आणि माल उतरवून घेणारा अशा प्रत्येकावर तेथे सुरक्षिततेचे कर्तव्य असून 2018 च्या सुधारणेने ते अधिक थेट झाले. तो कायदाही त्या देशातील सर्व राज्यांनी स्वीकारलेला नाही, तेव्हा तो जसाच्या तसा उचलावा असे माझे म्हणणे नाही; तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे. आपल्याकडे 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात माल पाठवणाऱ्याने मालाचा तपशील लेखी द्यावा आणि त्याच्या अचूकतेची जबाबदारी घ्यावी, अशी तरतूद आहेच. ती नुकसानभरपाईपुरती राहिली आहे; तिला वजनाच्या गुन्ह्याशी जोडणे हे छोटे, पण मोलाचे पाऊल ठरेल.

उत्तर २ (चालकाची मुलगी, उचगाव)

वजनाइतकेच तासांविषयीही लिहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझे वडील सव्वीस वर्षे ट्रक चालवत होते. मोटार वाहन कायद्याचे कलम 91 चालकांच्या कामाचे तास 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यावर सोपवते, आणि त्या कायद्यात दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. मात्र तो पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी लिहिलेला होता, तर वडिलांनी ज्यांच्याकडे काम केले त्या मालकांकडे एक-दोन गाड्याच असत. पुढे तो कायदा 2020 च्या कामगार संहितेत सामावला गेला, तरी स्टिअरिंगवर किती तास गेले याची नोंद ठेवणारे यंत्र आपल्या ट्रकमध्ये सक्तीचे नाही. युरोपात साडेचार तास चालवल्यानंतर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि ती यंत्रात उमटते. "सकाळी सातच्या आत माल पोहोचला पाहिजे" असे फोनवर सांगणाऱ्याला रात्रभर जागलेल्या माणसाविषयी उत्तर द्यावे लागत नाही, तोवर नोंदवही कोण भरणार?

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. जुन्या गाड्यांतील चालक मात्र अजून त्याच उष्णतेत बसतात.

उत्तर ३ (ऊस उत्पादक, करवीर तालुका)

आमच्या बाजूचीही चूक मांडतो. मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाची मर्यादा 7,500 किलो आहे आणि ट्रॅक्टरसाठी ती रिकाम्या वजनावर मोजली जाते. त्यामुळे दोन ट्रॉल्या उसाने गच्च भरून साखर कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर परवान्याच्या दृष्टीने हलके वाहनच राहतो. चार वर्षांपूर्वी माझा पुतण्या अंधारात अशाच एका ट्रॉलीला मागून धडकला. तिला ना दिवा होता ना रिफ्लेक्टर. तो वाचला, पण त्याचा डावा पाय पूर्वीसारखा राहिला नाही. परवाना ओढल्या जाणाऱ्या एकूण वजनावर ठरावा, आणि गव्हाणीवर (ऊस उतरवण्याच्या जागी) ट्रॉली घेण्यापूर्वी मागचा दिवा पाहणे हे कारखान्याचे कर्तव्य व्हावे. हंगामात प्रत्येक खेप काट्यावरून जाते, म्हणजे वजन आणि वेळ दोन्ही कारखान्याला ठाऊक असतात.

प्रश्नकर्ता

वकील साहेब, ताई आणि दादा, आपले तिन्ही मुद्दे निवेदनात घेतो. काट्याचा मुद्दा मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण माल भरणाऱ्या बहुतेक कारखान्यांतही काटा असतोच आणि "आम्हाला कल्पना नव्हती" असे त्यांना म्हणता येणार नाही. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) भरलेले वजन, भरण्याची वेळ आणि भरून देणाऱ्याची सही असे तीन रकाने मी या आठवड्यात छापून घेत आहे. ज्या ठिकाणी सही मिळणार नाही, तेथून गाडी रिकामी परत आणावी असे दोन्ही चालकांना सांगितले आहे. त्या दिवसाचा भत्ता त्यांना मिळेल. वकील साहेब, अशी सही असलेली बिल्टी पुढे दाव्यात पुरावा म्हणून कशी धरली जाते, तेवढे कृपया कळवावे.