अनुभव धागा: गाडीचा एसी थंड करत नाही, गॅस भरण्याआधी काय तपासता?

फेब्रुवारी सरला की गॅरेजात एकच वाक्य ऐकू येतं: "गॅस कमी झालाय, भरून टाकू." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळलाय, नाहीतर खोट भलतीकडेच आहे. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी लिहा. हीटरबद्दलही चालेल. आकडे द्या, "आमची गाडी झकास" नको.

स्पॅनर१०
आधी एवढं ठरवा: वाराच कमी येतोय, की वारा भरपूर आहे पण गार नाही? वारा कमी असेल तर गॅसचा संबंध नाही, केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. खणाच्या दोन्ही कडा आत दाबल्या की खण पूर्ण खाली झुकतो. नवा बसवताना फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. १०-१५ हजार किमीला बदलावा, धुळीच्या रस्त्यावर त्याआधीच. कोळशाचा फिल्टर धुऊ नये. काही स्वस्त व्हेरियंटमध्ये कंपनी फिल्टर देतच नाही, नुसती खाच असते! मग धूळ आणि पाचोळा थेट कूलिंग कॉइलवर जाऊन बसतो.
ब्लोअर (वारा फेकणारा पंखा) फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टन्स गेलाय. मोटर बदलायची गरज नाही.

कोकणकडा
चालत्या गाडीत गार, सिग्नलला गरम? कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) पंखा बघा. एसी लावल्यावर पंखा फिरला पाहिजे. फिरत असेल तर रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीत डोकावा, तिथे चिखल, किडे, पाचोळा अडकून बसतो. साध्या नळाच्या पाइपने, जमेल तिथे आतून बाहेर धुवा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की जाळीच्या पातळ पट्ट्या (फिन) आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. किनाऱ्यावर खारी हवा कंडेन्सर खाते, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा गोड्या पाण्याने धुणं आमच्याकडे गरजेचंच.

गेजवाला
गॅसबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.
इंजिन बराच वेळ बंद असताना गेज (एसीच्या कमी आणि जास्त दाबाच्या बाजूंचा दाब दाखवणारं मीटर) लावला की दोन्ही काटे सारखे दिसतात. गॅस आर-१३४ए प्रकारचा असेल तर ३० अंशांला साधारण ९५ ते १०० पीएसआय. यावरून आत गॅस आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. जोवर थोडा द्रव शिल्लक आहे तोवर दाब तेवढाच राहतो. म्हणून "प्रेशर बघून भरला" यावर विश्वास ठेवू नका. गॅस वजनावरच भरायचा. बोनेटखाली स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या गाड्यांत बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम. जास्त भरला तर उलट थंडावा घटतो, जास्त दाबाच्या बाजूचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) कट होतो.
पद्धत अशी: जुना गॅस मशिनने काढून घ्या, गळती शोधा, ती काढा, मग किमान ३० मिनिटं व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं. व्हॉल्व्ह बंद करून १५ मिनिटं थांबा. काटा वर सरकला तर गळती अजून आहे. व्हॅक्यूमने आतली ओलही निघते. ती राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब उतरवणारी बारीक वाट) बर्फ धरतो: एसी थोडा वेळ गार, मग गरम, बंद ठेवून लावला की पुन्हा गार.
गळतीची खूण म्हणजे सांध्यावर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ. ओ-रिंग एसीचीच हवी, साधी रबरी चालत नाही. गळती बुजवणारं सीलर तर टाकूच नका, ते व्हॉल्व्हही बुजवतं. कॉम्प्रेसर आतून झिजून चुरा पसरला असेल तर ड्रायर (ओल शोषणारी डबी), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कंडेन्सरही बदला. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की धुऊन साफ होत नाहीत.

बॅटरीवर
वरच्यात भर. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरची मोटर तेलातच असते. तिथे वीज न वाहू देणारं पीओई तेल लागतं. साध्या गाड्यांतलं नेहमीचं पीएजी तेल गेलं तर इन्सुलेशन जातं. गॅस भरायच्या मशिनमध्ये आधीच्या गाडीचं पीएजी उरलेलं असू शकतं, म्हणून ते आधी दुसऱ्या गाडीला लावलं होतं का, हे विचाराच.

गळका पाइप
दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकलंच पाहिजे. ठिबकत नाही आणि शेजारच्या सीटपुढचं मॅट ओलं आहे? ड्रेन पाइप तुंबलाय. खालून मऊ नायलॉनची दोरी फिरवा, तार नको. पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आहे, म्हणजे हीटर कोअर (त्याच गरम द्रवावर केबिन तापवणारा छोटा रेडिएटर) फुटलाय.
कुबट वासासाठी घर येण्याआधी चार-पाच मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा, कॉइल वाळते.

टोरांटोकर
इकडे सगळं हीटरवर. इंजिन तापल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हीटर कोअरचे दोन्ही पाइप चाचपून बघा. एक गरम, एक कोमट असेल तर कोअर तुंबलाय किंवा हवा अडकलीय. दोन्ही कोमट आणि इंजिनचा काटाही खाली, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्म: उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. काचेवर वाफ धरली तर आतली हवा फिरवणं बंद करून बाहेरची घ्या, एसी आणि गरम एकत्र लावा. कडाक्याच्या थंडीत कॉम्प्रेसर चालू होत नाही, तो बिघाड नव्हे.

गेजवाला
टोरांटोकर, कूलंटमध्ये पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं टाकलं की क्षार आधी हीटर कोअरमध्येच धरतात, आणि तो काढायला बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.