एल्डन रिंग: पीएस५ की सिरीज एक्स? माझं मत पीएस४च्या आवृत्तीला

चौथा कंट्रोलर (धागाकर्ता):

सेल लागला की दर वेळी कुणीतरी विचारतंच, "एल्डन रिंग हा गेम घेतोय, प्लेस्टेशन ५वर (पीएस५) घेऊ की एक्सबॉक्स सिरीज एक्सवर?" आणि दर वेळी तेच दोन गट बाह्या सरसावतात. एक म्हणतो सिरीज एक्सची १२ टेराफ्लॉपची ग्राफिक्स ताकद, दुसरा म्हणतो पीएस५ची सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारी एसएसडी. कागदावर दोघंही बरोबर. सिरीज एक्समध्ये चित्र काढणारी ५२ कंप्यूट युनिट आहेत, पीएस५मध्ये ३६, पण ती जास्त वेगाने पळतात. फक्त या गेमला त्यातल्या कशाचंही फारसं सोयरसुतक नाही.

२५ फेब्रुवारी २०२२ला गेम आला तेव्हापासून दोन्ही कन्सोलवर दोन मोड आहेत, फ्रेम रेट आणि क्वालिटी. फ्रेम रेट मोडचं ध्येय सेकंदाला साठ फ्रेम (चित्रं), प्रत्यक्षात पंचेचाळीस ते साठच्या मध्ये झोके. क्वालिटी मोड तर आणखी अजब: साठला पोचत नाही आणि तीसला बांधूनही ठेवलेला नाही. फ्रेम रेट मोडमध्ये पीएस५ किंचित पुढे आणि लोडिंगही तिथेच लवकर होतं. पण दोघांपैकी कुणीही साठ धरून ठेवत नाही, हे महत्त्वाचं.

साठ धरून कोण ठेवतं? पीएस५वर चालवलेली पीएस४ची आवृत्ती! ती मुळात पीएस४ प्रोच्या (पीएस४चं जास्त ताकदीचं मॉडेल) हिशोबाने, १८०० रेषांच्या चेकरबोर्डने चित्र काढते, म्हणजे निम्मे ठिपके काढायचे आणि बाकीचे अंदाजाने भरायचे. प्रोवर फ्रेम रेट मोकळा सोडलेला होता आणि त्या बिचाऱ्या मशीनला तो झेपत नव्हता. तेच ओझं पीएस५च्या पाठीवर टाकलं की जवळजवळ सरळ रेषेत साठ. गवत थोडं विरळ, सावल्या थोड्या ढोबळ, लांबचं झुडूप जरा उशिरा उगवतं. बस्स.

तेव्हा माझं म्हणणं असं: तुलना कन्सोलची नाही, आवृत्तीची करा. आणि पीएस५ असेल तर पीएस४वालीच खेळा.

---

हिरवा डबा:

वा! पन्नास हजारांचं मशीन घ्यायचं आणि त्यावर मागच्या पिढीचा गेम खेळायचा. छान सल्ला आहे.

सिरीज एक्स + व्हीआरआर (व्हेरिएबल रिफ्रेश रेट) टीव्ही. विषय संपला. फ्रेम बावन्न असो की अठ्ठेचाळीस, टीव्ही स्वतःच कन्सोलच्या तालावर चालतो, डोळ्यांना कळतसुद्धा नाही. आणि गवत पूर्ण, सावल्या पूर्ण, रिझोल्यूशन पूर्ण. पीएस५ला तर गेम आला तेव्हा व्हीआरआर नव्हतंच, एप्रिल २०२२मध्ये आलं. तेही ४८च्या खाली गेलं की तुटतं. एक्सबॉक्स खाली घसरल्यावर तीच फ्रेम दोनदा दाखवतो, म्हणजे ४५ असेल तर टीव्हीला ९० देतो. गाडी रुळावरच राहते.

---

निगडी नाका:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

---

चौथा कंट्रोलर:

@हिरवा डबा, व्हीआरआरचं मान्य. घरी तसा टीव्ही असेल तर सिरीज एक्स उत्तम, हे मी कुठेच नाकारलेलं नाही. पण किती जणांकडे असतो? इथे बहुतेकांच्या भिंतीवर साधा ६० हर्ट्झचा पॅनेल आहे, बायकोच्या मालिका आणि पोरांचं यूट्यूब ज्यावर चालतं तोच. तुमचं "विषय संपला" त्याच्या आधीच संपतं.

---

अर्धवट अभियंता:

थोडं तांत्रिक लिहितो, कारण "डोळ्यांना कळत नाही" आणि "साठ नाही" या दोन्ही वाक्यांत खरा मुद्दा निसटतोय.

६० हर्ट्झच्या टीव्हीवर दर १६.७ मिलिसेकंदांना नवीन चित्राची वेळ येते. कन्सोलने सेकंदाला ५२ फ्रेम दिल्या, तर आठ वेळा टीव्हीकडे दाखवायला नवीन काही नसतं, तो जुनंच चित्र आणखी एक फेरी दाखवतो. ती आठ चित्रं ३३.३ मिलिसेकंद टिकतात, बाकीची १६.७. म्हणजे ५२ हा आकडा वाईट नाही, त्या आठांची जागा ठरलेली नाही हे वाईट. मुंबई-पुणे सरासरी साठच्या वेगाने आलो असं एसटीचा ड्रायव्हर सांगतो, पण पोटातलं पाणी हललं ते ब्रेकमुळे.

यामुळेच काही लोकांना स्थिर ३० चालतं, पण हलता ५० चालत नाही. आणि हा गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा (फ्रॉम) या बाबतीतला इतिहास काही उजळ नाही. ब्लडबोर्न ३०लाच बांधलेला होता, तरी त्या तीस फ्रेम सारख्या अंतराने पडत नव्हत्या. त्याआधी पहिल्या डार्क सोल्समध्ये ब्लाइटटाउनला उतरलं की पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० दोघांनाही धाप लागायची. तेव्हा दोन्ही कंपन्यांचे भक्त एकत्र रडले होते. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच.

---

तळजाईची टार्निश्ड:

मला एक कळत नाही. तुम्ही सगळे गेम खेळता की मोजता?

मी सिरीज एसवर खेळले. आला तेव्हा चौतीस हजार नऊशे नव्वदचा असलेला तो छोटा पांढरा डबा. तुमच्या यादीत त्याचं नावसुद्धा नाही. चित्र १४४० रेषांच्या पुढे जात नाही, फ्रेमही पडतात. तरी गेममधले मोठे शत्रू मेलेच: मार्गिट मेला, राडान मेला, मलेनियासुद्धा मेली. ती मरायला फार वेळ लागला, पण त्यात फ्रेम रेटचा काय दोष? तिचा तो वॉटरफाउल डान्स नावाचा हल्ला साठ फ्रेमनेही तितकाच मारतो.

---

चौथा कंट्रोलर:

मलेनियाचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत, ताई.

मार्गिटच घ्या. काठी वर उचलतो आणि तिथेच थांबवतो. नेहमीच्या गेमच्या सवयीने तुम्ही लोळण घेता, लोळण संपते, आणि मग काठी येते. त्या थांबण्यावरच सगळा खेळ आहे. तिथे तुम्हाला काठी हलायला लागलेली *दिसली* पाहिजे. नेमकं त्याच क्षणी जुनं चित्र एक फेरी जास्त टिकलं, तर काठी सुरू झाल्याचं तुम्हाला १६.७ मिलिसेकंद उशिरा कळतं. एकदा झालं तर काही नाही. पण कधी होईल हे माहीत नसल्यावर हात वेळ शिकत नाहीत. दुसऱ्या एखाद्या गेममध्ये, जिथे घोड्यावर बसून सूर्यास्त बघायचा असतो, तिथे मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत झालो असतो.

---

हिरवा डबा:

मग तोच न्याय लावा. साठ हर्ट्झच्या टीव्हीवर पीएस४ आवृत्ती आणि व्हीआरआरवर सिरीज एक्स, यात मी सिरीज एक्सच घेणार. लिमग्रेव्हमध्ये (गेमचा पहिला प्रदेश) पावसात ट्री सेंटिनल या शत्रूच्या मागे टॉरेंट घोड्यावरून फिरून बघा. नव्या आवृत्तीत गवत पार लांबपर्यंत वाऱ्याने झुकतं. तुमच्या पीएस४ आवृत्तीत थोडं पुढे गेलं की टक्कल.

---

चौथा कंट्रोलर:

आणि नेमकी तिथेच, त्या गवतातच, फ्रेम पडतात. 🙂

---

जर्सी सिटीकर:

माझ्याकडे पीएस५ प्रो आहे, म्हणून लिहितोय. त्यावर पीएस५ची आवृत्ती बऱ्यापैकी सुधारते, साठच्या पुष्कळ जवळ जाते. तरी एकदम सपाट नाही. म्हणजे चौथा कंट्रोलर यांचा मुद्दा तिथेही थोडासा उरतोच. पण नव्या सावल्या आणि पूर्ण गवत सोडून पीएस४कडे परत जावंसं मला वाटलं नाही.

---

निगडी नाका:

प्रो नोव्हेंबर २०२४मध्ये जगभर आला तेव्हा भारतात आणलाच नाही सोनीने. त्यातल्या वाय-फायसाठी ६ गिगाहर्ट्झचा पट्टा लागतो आणि आपल्याकडे त्याला परवानगी नव्हती. तेव्हा काका, जर्सीहून येताना बॅगेत एक टाका.

---

जर्सी सिटीकर:

बॅगेत आधीच चितळ्यांच्या बाकरवड्यांची जागा ठरलेली असते, ती उलट दिशेने. 😄

---

अर्धवट अभियंता:

@हिरवा डबा, "एक्सबॉक्सवर जुनी आवृत्ती का नाही चालवत" हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून मीच विचारतो. तिथे स्मार्ट डिलिव्हरी आहे. एकदा विकत घ्या, मशीन ओळखून योग्य ती आवृत्ती आपोआप उतरते. ग्राहकासाठी फार चांगली सोय. पीएस५वर मात्र दोन आवृत्त्या वेगळ्या दिसतात, कोणती उतरवायची ते तुम्ही ठरवता, आणि हा गोंधळच या गेमच्या बाबतीत फायद्याचा ठरला. सोनीने हे काही ठरवून केलेलं नाही, त्यामुळे सोनीच्या भक्तांनी उगाच कॉलर ताठ करू नये.

आणि खरा दोष कुणाचा? फ्रॉमने पीएस५च्या मेनूत गवत कमी करायचा एक पर्याय ठेवला असता, तर हा धागाच निघाला नसता. मार्च २०२३मध्ये त्यांनी पॅच दिला. काय दिलं त्यात? रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करून सावल्या काढणं. जो गेम साठ धरत नाही त्याच्या पाठीवर आणखी एक पोतं. मागितलं कुणी होतं?

---

हिरवा डबा:

हे मात्र +१. क्वालिटी मोड निदान ३०ला बांधायला हवा होता. तो आज ज्या अवस्थेत आहे ती कुठल्याच कन्सोलवर कामाची नाही.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. "भारतात व्हीआरआर टीव्ही कुणाकडे आहे" हा युक्तिवाद दर वर्षी थोडा जुना होतोय. १२० हर्ट्झचे पॅनेल स्वस्त होतायत. टीव्ही एकदा घेतला की दहा वर्षं चालतो आणि प्रत्येक गेमला उपयोगी पडतो. तुमची पीएस४ची युक्ती एका गेमपुरती.

---

चौथा कंट्रोलर:

धाग्याचं नाव वाचा. एका गेमपुरतीच आहे.

---

तळजाईची टार्निश्ड:

बरं, तुम्ही दोघे भांडा. मला कामाचं सांगा. धाकट्या भावाने पीएस५ घेतलंय आणि त्याला हा गेम भेट द्यायचा आहे. डिस्क कुठली घेऊ? दुकानात दोन्ही दिसतात. (एक्सबॉक्सची डिस्क विचारली तर दुकानदार माझ्याकडेच बघत राहिला, ते सोडा.)

---

चौथा कंट्रोलर:

डोळे मिटून पीएस४ची डिस्क घ्या. पीएस४चा गेम विकत घेतला की पीएस५च्या आवृत्तीचा अपग्रेड फुकट मिळतो, म्हणजे एका पैशात दोन्ही. पीएस५च्या डिस्कवर मात्र फक्त पीएस५ची आवृत्ती असते, तिथून मागे येता येत नाही. ऑनलाइन पीएस४वाले आणि पीएस५वाले एकमेकांना भेटतात, त्यामुळे मित्रांना मदतीला बोलावण्यात अडचण नाही. फक्त डिस्क ड्राइव्ह असलेलं पीएस५ आहे ना, ते विचारून घ्या. डिजिटलवाल्याच्या हातात डिस्क दिलीत तर चहाच्या कपाखाली ठेवेल.

---

निगडी नाका:

एवढं वाचून मलाही मोह झाला. माझं पीएस५ आवृत्तीत लेंडेल शहरापर्यंत आलेलं कॅरॅक्टर आहे. ते सेव्ह पीएस४च्या आवृत्तीत आणता येईल ना?

---

अर्धवट अभियंता:

नाही. पीएस४चं सेव्ह पीएस५च्या आवृत्तीत जातं. उलटं येत नाही.

---

निगडी नाका:

म्हणजे गुहेपासून पुन्हा?

---

चौथा कंट्रोलर:

गुहेपासून पुन्हा. पण सरळ साठने.

---

निगडी नाका:

मग मला बावन्नच बरे. @हिरवा डबा, तो १२० हर्ट्झचा टीव्ही कुठल्या सेलमध्ये बघावा?