शब्दचर्चा : खेळात सगळ्यांच्या आनंदाचा 'समतोल' राखायचा, की आणखी काही?

मूळ प्रश्न (जळगाव)

आमच्या गटात नवे भिडू येतात, त्यांच्यासाठी मी मराठीत पानभर नियम लिहितो आहे. एका वाक्यापाशी अडलोय, म्हणून इथे विचारतो.

खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा, गोष्ट रचत जायचा. या जातीचा पहिला छापील खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा. तो १९७४ साली अमेरिकेत निघाला. प्रत्येक जण एकेक पात्र होतो. एक जण मात्र उरलेलं सगळं जग सांभाळतो : गावकरी, राक्षस, पाऊस, दाराची कुलपं. पात्राने काही अवघड करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा पडतो. शेवटी कोण जिंकलं असं काही नसतं, त्यामुळे मजा आली की नाही एवढाच हिशेब उरतो.

माझं वाक्य असं : 'खेळ चालवणाऱ्याने सर्व खेळाडूंच्या आनंदाचा समतोल राखावा.' व्याकरण ठीक आहे, पण वाचून नव्या मुलाला काय करायचं ते कळत नाही. आमच्याकडे एकाला लढाई हवी, कोण कुठे उभं राहिलं याचा विचार करण्यात त्याचा जीव रमतो. एक ताई सराईवाल्याशी अहिराणीत घासाघीस करत बसतात आणि ती ऐकायला खरंच गोड लागते, पण तेवढा वेळ लढाईवाला फासे चाळवत बसतो. तिसऱ्याला बंद दारामागे काय आहे ते बघायचं असतं. चौथा बहुतेक वेळ ऐकत असतो. यांचा 'समतोल' म्हणजे नेमकं काय? 'मन राखणे', 'रंगत', 'न्याय' असेही शब्द मनात आले. तुमचं मत सांगा.

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, 'समतोल' नकोच. एक तर हा शब्द या खेळांत आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. लढवय्याची ताकद आणि जादूगाराची ताकद सारखी आहे का, यालाही आपण समतोलच म्हणतो. १९७४ च्या नियमांत पहिल्या पायरीवरच्या जादूगाराकडे एकच मंत्र असे. तो म्हटला की संपलं, मग पुढे काठी टेकत मागून चालायचं. पायऱ्या चढत गेला की मात्र तोच सगळ्यांना भारी पडे. तरी त्या एका मंत्राची योग्य वेळ हेरण्यात ज्याला मजा, तो भिडू खूश असे. ताकद सारखी म्हणजे आनंद सारखा, असं नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला तर नवा माणूस आकडे जुळवत बसेल आणि माणसांकडे बघणार नाही.

दुसरं, तोल म्हटला की तराजू आलाच. एक पारडं वर गेलं की दुसरं खाली. तुमच्या ताईंचा आनंद आणि त्या लढाईवाल्याचा आनंद एकमेकांच्या विरुद्ध पारड्यांत आहेत, असं तुम्ही आधीच मान्य करून टाकता.

प्रतिसाद (अमळनेर)

'मन राखणे' याबद्दल लिहिते. हा शब्द आपण कुठे वापरतो? 'पोट भरलं होतं, पण वहिनींचं मन राखायला अर्धी पुरणपोळी खाल्ली.' म्हणजे स्वतःला नको असताना दुसऱ्यासाठी केलेली गोष्ट. खेळ चालवणारा दर वेळी असंच करत राहिला तर तो थकेल, आणि ज्याचं मन राखलं त्यालाही ते कळतंच. कुणीतरी आपल्यासाठी सोसलं, हे कळल्यावर मजा येत नाही. 'मर्जी सांभाळणे' त्याहून वाईट, त्यात मालक-नोकर आले. 'न्याय' म्हटला तर कुणीतरी तक्रार केलेली असली पाहिजे. हे तिन्ही सोडून द्या.

मूळ प्रश्नकर्ता (जळगाव)

ताई, पटलं. मग 'पाळी' कशी वाटते? प्रत्येकाला पाळीपाळीने पुढे येऊ द्यावं, असं लिहिलं तर?

प्रतिसाद (धुळे)

अर्धंच काम होईल. पाळीत मिनिटं सारखी वाटता येतात. पण लढाईवाल्याला एक सलग मोठी लढाई हवी, ताईंना दोन चांगले संवाद पुरतात, आणि दार उघडणाऱ्याला फक्त आत काय दिसलं याचं नीट वर्णन हवं. शिवाय चांगला चालवणारा एकाच प्रसंगात दोघांचं काम करतो. पूल अडवून बसलेल्या टोळीशी लढाई चालू आहे, आणि टोळीचा नायक ताईंशी बोलायला तयार आहे : ताई त्याला बोलण्यात गुंतवून ठेवतील तेवढा वेळ लढाईवाल्याला बाजूने वर चढता येतं. इथे पाळी कुणाची म्हणायची?

प्रतिसाद (शहादा)

मंडळी, आपल्याकडे याच्यासाठी शब्द आहेत, आपण विसरतो. यात्रेला येणाऱ्यांना आपण हौशे, नवशे आणि गवशे म्हणतो ना? दत्तजयंतीला सारंगखेड्याला हे तिघेही दिसतात. कुणी नवस फेडायला दत्ताच्या मंदिरात येतो, कुणी हौसेने घोडे बघत हिंडतो, कुणी काही गवसतंय का म्हणून. यात्रा कुणा एकाची नसते.

खेळाच्या टेबलावरही तेच तिघे बसलेले असतात. पात्र रंगवणारे हौशे. आपल्या पात्राचं एकच ध्येय धरून बसलेला, बापाचा मारेकरी शोधणारा, तो नवशा. आणि मेलेल्या राक्षसाचे खिसे आधी तपासणारा गवशा. या खेळांवर लिहिणारे ग्लेन ब्लॅको यांनी १९८० मध्ये अशा खेळाडूंचे चार कल मांडले होते : ताकद वाढवणं, पात्र जगणं, लढाईचे डावपेच आणि गोष्ट सांगणं. पुढे असे खेळ रचणारे रॉबिन लॉज यांनी आणखी बारीक वर्गवारी केली. ती वाचावी, पण नव्या भिडूला सांगताना हौशे-नवशे-गवशे सांगा, लगेच समजेल. आणि एकच माणूस आज हौशा, उद्या गवशा असतो. शिक्का मारू नका.

म्हणून 'आनंद' हा शब्दही बदला, 'हौस' म्हणा. आनंद नंतर होतो, हौस आधी असते. ती विचारता येते : 'तुझी हौस कशाची?'

मूळ प्रश्नकर्ता (जळगाव)

हौस एकदम पटली. हौस पुरवतात, भागवतात, फिटते, किती क्रियापदं मिळाली! पण चौथ्या भिडूचं काय, जो ऐकत बसतो? मला त्याची फार काळजी वाटते. लहानपणी धाकट्याला आपण लिंबूटिंबू करून खेळायला घ्यायचो. तो बाद होत नसे, पण त्याने पकडलं तरी कुणी बाद होत नसे. माया होती त्यात, पण त्याच्या करण्या-न करण्याने खेळात फरक पडत नव्हता. टेबलावरचा अबोल माणूस तसा होत चाललाय का?

प्रतिसाद (अमळनेर)

अबोल म्हणजे लिंबूटिंबू नव्हे, हा फरक कृपा करून पानावर लिहाच. लॉज यांच्या वर्गवारीत असा खेळाडू आहे, जो मित्रांसोबत बसायला मिळतं म्हणून येतो. त्याला मध्ये ओढून 'आता तू बोल' म्हटलं तर त्याची मजा जाते. लिंबूटिंबू तो, ज्याने ठरवलेलं मोजलं जात नाही. तुमच्या चौथ्याने सगळ्या संध्याकाळीत एकदाच 'मी दार लावून घेतो' म्हटलं आणि त्यामुळे गोष्ट वळली, तर तो पुरा भिडू आहे. आणि काळजी वाटते तर खेळ संपल्यावर त्याला एकट्याला विचारा, सगळ्यांसमोर नको.

माझ्याकडून शब्द : 'वाव'. 'सुधारणेला वाव आहे', 'तिथे बोलायला वावच नव्हता', असं आपण म्हणतो. दोन्ही हात पसरले की होतं तेवढ्या अंतरालाही वाव म्हणतात. दोर आणि पाण्याची खोली वावात मोजत. प्रत्येकाला आपले हात पसरता येतील एवढी जागा. ती कुणी वापरावी, कुणी वापरू नये. 'हौसेला वाव देणे' हे मराठीत सहज बसतं आणि त्यात पारडी नाहीत.

प्रतिसाद (धुळे)

'वाव'ला माझा पाठिंबा, एक पुरवणी जोडून. खेळ सुरू करण्याआधी सगळ्यांनी बसून कुणाला काय हवं, काय अजिबात नको, ते बोलून घ्यायची पद्धत आहे. त्याला तुमच्या पानावर 'ठरवाठरव' म्हणा. 'बोलणी' नको, लग्नाचीच आठवण होते. जे नको ते 'वर्ज्य'. कुणाला लहान मुलांना इजा झालेली गोष्टीत नको असेल तर ते वर्ज्य, कारण विचारायचं नाही.

प्रतिसाद (शहादा)

आणि 'खेळ चालवणारा' हा शब्दही मला खटकतो. काही जण 'सूत्रधार' म्हणतात. सूत्रं हातात असलेला म्हटलं की बाकीचे बाहुल्या झाले, आणि इथे तर पात्रांनी काय करायचं ते पात्रंच ठरवतात. त्यापेक्षा आपला 'राज्य' घ्या. पकडापकडीत ज्याच्यावर राज्य येतं तो राजा नसतो, सगळ्यांत जास्त धावपळ त्याचीच होते. तो एकीकडे, बाकी सगळे एकीकडे. तरी तो खेळातलाच असतो, त्याचीही हौस मोजायला हवी. तुमच्या पहिल्या वाक्यात तो 'सर्व खेळाडूंच्या' बाहेर उभा राहिला होता. आणि राज्य उतरतं! आज एकावर, काही महिन्यांनी दुसऱ्यावर. कायम एकाच्याच अंगावर ठेवलं तर तो कंटाळून गट सोडतो.

मूळ प्रश्नकर्ता (जळगाव)

वा, 'राज्य' घेतला. आता वाक्य असं : 'ज्याच्यावर राज्य आहे त्याने प्रत्येक भिडूच्या हौसेला, आणि स्वतःच्याही, वाव द्यावा. कुणालाही लिंबूटिंबू करू नये.' रंगतीचं वेगळं वाक्य लिहीत नाही. डाव रंगतो तो सगळ्यांचा मिळून, एकावर त्याची जबाबदारी टाकता येत नाही.

प्रतिसाद (अमळनेर)

'ज्याच्यावर... त्याने' का? सध्या आमच्याकडे राज्य एका मुलीवर आहे. 'राज्य असलेल्या भिडूने' लिहा. भिडू कुणीही असू शकतो.

मूळ प्रश्नकर्ता (जळगाव)

बदललं, ताई. पान छापायला देतो.