सीमापार कंपन्यांचा कर: चोर सोडून संन्याशाला फाशी?

ताळेबंद (धागालेखक):

अनेक देशांत कारभार असलेल्या कंपन्या आपला नफा कमी कराच्या देशात वळवतात ही तक्रार जुनी आहे, आणि ती खोटीही नाही. तिच्यावर उपाय म्हणून जी-20 आणि ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) यांनी 2013 मध्ये 15 कलमांची कृतियोजना हाती घेतली, 2015 मध्ये तिचे अंतिम अहवाल आले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये 130 हून अधिक देशांनी मोठ्या कंपन्यांवर किमान 15 टक्के कराचे तत्त्व मान्य केले. या प्रयत्नांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र ज्यांच्यामुळे हे नियम आले ते त्यांतून बऱ्यापैकी सुखरूप बाहेर पडतात आणि नियमपालनाचा खरा भार ज्यांनी कधी नफा फिरवलाच नाही अशा मध्यम कंपन्यांच्या माथी बसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

देशनिहाय अहवाल (कोणत्या देशात किती नफा आणि किती कर याची माहिती) आणि किमान कर या दोन्हींना 75 कोटी युरोंच्या वार्षिक उलाढालीची मर्यादा आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु ट्रान्सफर प्रायसिंगची (एकाच समूहातील कंपन्यांमधल्या व्यवहारांच्या किमतीची) कागदपत्रे आणि कायम आस्थापनेचे (परदेशी कंपनीचे देशातले असे अस्तित्व, ज्यामुळे तिच्या नफ्यावर तिथे कर लागतो) नियम यांना अनेक देशांत एक तर मर्यादाच नाही किंवा ती इतकी खाली आहे की दोन-तीन छोट्या उपकंपन्या असलेली कंपनीही तिच्यात सापडते. समजा, मूळ कंपनी आपल्या परदेशी उपकंपनीचे हिशेब, पगारपत्रके आणि संगणक व्यवस्था सांभाळते आणि वर्षाअखेर त्याचे बिल लावते. या एका बिलासाठी सेवाकरार लागतो. खर्चाची वाटणी माणसांच्या संख्येवर केली की विक्रीवर, याचे समर्थन लागते. ही सेवा उपकंपनीने बाहेरून पैसे मोजून घेतली असती का, याचे उत्तर लागते. वर लावलेला नफा बाजाराशी जुळतो हे दाखवणारा तुलनात्मक अभ्यास लागतो. आणि हे सगळे दोन्ही देशांत, दोन वेगळ्या मुदतींत, पुष्कळदा दोन भाषांत सादर करावे लागते. अशा किरकोळ सेवांवर खर्चाच्या 5 टक्के नफा लावला तर वेगळा अभ्यास नको, अशी सवलत 2015 च्या अहवालातच सुचवली होती, पण कित्येक देशांनी ती स्वीकारलीच नाही आणि काहींनी स्वीकारताना तिला स्वतःच्या अटींची शेपटे जोडली. परिणामी ज्या बिलावर कर वाचण्याचा प्रश्नच नव्हता त्याच्या समर्थनाचा खर्च कधीकधी बिलाच्या रकमेला जाऊन भिडतो.

दुसऱ्या बाजूला ॲपलचे आयर्लंडमधील प्रकरण पाहावे. युरोपीय आयोगाच्या म्हणण्यानुसार तिथल्या एका उपकंपनीच्या नफ्यावरचा प्रत्यक्ष कर 2003 मध्ये 1 टक्का होता आणि 2014 मध्ये तो 0.005 टक्क्यावर आला होता, कारण बहुतेक नफा अशा 'मुख्य कार्यालया'च्या नावे मांडला जात होता ज्यात ना माणसे होती ना जागा. 13 अब्ज युरो वसूल करण्याचा आदेश ऑगस्ट 2016 मध्ये निघाला, 2020 मध्ये खालच्या न्यायालयाने तो रद्द केला आणि अंतिम निकाल लागायला सप्टेंबर 2024 उजाडले. आठ वर्षे लढण्याची ऐपत किती कंपन्यांकडे असते?

फेरतपासणी:

ताळेबंद यांच्या तळमळीबद्दल आदर ठेवूनही मला त्यांचा मूळ आधारच मान्य नाही. 'ज्यांनी कधी नफा फिरवलाच नाही' हे आपण कागद पाहण्यापूर्वीच कसे ठरवलेत? एकाच समूहातील दोन कंपन्यांमधल्या व्यवहाराची किंमत बाजार ठरवत नाही, ती समूह स्वतः ठरवतो. ती तशी का ठरवली याची माहिती फक्त त्यांच्याकडे असते. अशा वेळी पुराव्याचा भार कंपनीवर टाकला नाही, तर करअधिकाऱ्याने केवळ अंदाजाने मूल्य वाढवायचे किंवा केवळ विश्वासाने ते मान्य करायचे, एवढेच दोन मार्ग उरतात. त्यांपैकी पहिल्याचा त्रास सर्वांत जास्त मध्यम कंपन्यांनाच होईल.

मी अशा फायली वर्षानुवर्षे तपासल्या आहेत. आपण ज्या निरुपद्रवी सेवाशुल्काचे वर्णन केलेत तेच शुल्क मी अनेकदा अशा रूपात पाहिले आहे की उपकंपनीला ज्या वर्षी नफा झाला त्या वर्षी ते फुगते, तोटा झाला की नाहीसे होते, आणि शुल्क वजा जाता नफा दरवर्षी शून्याच्या आसपास येऊन थांबतो. एका फाइलमधील सेवाकरारावर आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवसाची तारीख होती, पण ज्या लेटरहेडवर तो छापला होता त्यावर कंपनीने त्यानंतर सात महिन्यांनी घेतलेल्या नव्या कार्यालयाचा पत्ता होता. ही काही महाकाय कंपनी नव्हती, तर आपण ज्यांची बाजू मांडता त्यांपैकीच एक होती.

नियमपालन महाग पडते याचे एक कारण असेही आहे की पुष्कळ कंपन्या व्यवहार आधी करतात आणि त्याची कारणे नोटीस आल्यावर शोधतात. किंमत ठरवतानाच दोन पानांचे टिपण लिहून ठेवले, तर पुढे दोनशे पानांचा अहवाल विकत घेण्याची वेळ क्वचितच येते.

व्यवहारी:

दोन्ही बाजूंचे वाचले. मी कंपन्यांच्या बाजूने काम करतो, तरीही ताळेबंद यांच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. कागदपत्रांचा खर्च टोचतो हे खरे, पण त्याची तरतूद आधी करता येते. जिची तरतूद करता येत नाही ती आहे अनिश्चितता, आणि तीच मोठी अडचण आहे.

एक साधा हिशेब पाहू. उपकंपनीने मूळ कंपनीला 100 रुपये सेवाशुल्क दिले. उपकंपनीच्या देशाने त्यातले 60 रुपये नामंजूर केले, म्हणजे ते खर्च म्हणून वजा होऊ दिले नाहीत. मूळ कंपनीच्या देशाने मात्र पूर्ण 100 रुपये उत्पन्न धरले. दोन्हीकडे कराचा दर 25 टक्के असेल तर त्या 60 रुपयांवर एकूण 30 रुपये कर गेला, म्हणजे बरोबर निम्मी रक्कम. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात यावर उपाय आहे: दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी आपसात बोलून तडजोड करायची. पण त्यासाठी मुळात करार असावा लागतो, अर्ज मुदतीत जावा लागतो, आणि ट्रान्सफर प्रायसिंगची अशी प्रकरणे निकाली निघायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. तोवर एका देशात रक्कम भरलेली असते आणि दुसऱ्या देशाचा परतावा अडकलेला असतो.

अनिश्चिततेचे ठळक उदाहरण व्होडाफोनचे आहे. 2007 मध्ये तिने केमन बेटांवरील एका कंपनीचे समभाग घेऊन भारतातील दूरसंचार व्यवसायाचा ताबा मिळवला. त्यावर भारतात कर लागत नाही असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये सांगितले आणि त्याच वर्षी कायदा थेट 1962 पासून बदलण्यात आला. लवादाचा निर्णय 2020 मध्ये सरकारच्या विरोधात गेला आणि 2021 मध्ये पूर्वलक्षी आकारणी मागे घेतली गेली. व्यवहार करपात्र असायला हवा होता की नाही, यावर मतभेद असू शकतात, आणि माझ्या मते असायला हवा होता. पण नियम खेळ संपल्यावर बदलला तर नियोजन कोणत्या आधारावर करायचे, याचे उत्तर कोणत्याच बाजूने दिलेले मला आठवत नाही.

म्हणून मी मध्यम कंपन्यांनाही सांगतो की मोठा आणि दरवर्षी होणारा व्यवहार असेल तर आगाऊ मूल्य करार, म्हणजे किंमत कशी ठरवायची याचा करविभागाशी आधीच केलेला करार, करून घ्या. त्यासाठी वेळ लागतो, पैसा लागतो, कंपनीची कुंडली अधिकाऱ्यांसमोर उघडी करावी लागते, पण पुढची काही वर्षे निश्चिंत जातात.

आडनोंद:

एवढ्या तांत्रिक चर्चेत मूळ प्रश्न हरवतो आहे. आपला कर कायद्यात राहून कमी करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर खटल्यात 1935 मध्येच सांगितले आहे. कायदा भोक ठेवतो आणि कंपनी त्यातून जाते, यात कंपनीचा दोष काय? शिवाय संचालक हे भागधारकांचे विश्वस्त असतात. सगळे म्हणतात 'नैतिकता', पण नैतिकतेचा दर किती टक्के हे कुणी सांगत नाही.

फेरतपासणी:

आडनोंद, तेच हाउस ऑफ लॉर्ड्स 1981 मध्ये रॅमसे खटल्यात काय म्हणाले तेही सांगायला हवे होते. आधीच आखलेल्या पायऱ्यांची साखळी केवळ कर टाळण्यासाठी असेल, तर प्रत्येक पायरी सुटी न पाहता न्यायालय संपूर्ण साखळी एकत्र पाहू शकते, हे तत्त्व तिथे रुजले. आता तर देशोदेशींच्या करटाळणीविरोधी सर्वसाधारण तरतुदींतून आणि दोन देशांमधील करकराराचा लाभ घेणे हाच व्यवहाराचा एक प्रमुख हेतू होता का, या 2017 च्या (असे करकरार सुधारणाऱ्या) बहुपक्षीय करारातील कसोटीतून ते कायद्यातच आले आहे. 1935 च्या आधारावर आज सल्ला देणाऱ्याने आपला विमा तपासून घ्यावा.

दक्षिणायन:

वरील सर्व सदस्य एक गोष्ट गृहीत धरून चालले आहेत की नियम सर्वांनी मिळून केले. किमान कर कसा काम करतो ते पाहा. एखाद्या देशाने कारखाने यावेत म्हणून करसवलत दिली आणि तिथल्या उपकंपनीचा प्रत्यक्ष कर 9 टक्के झाला, तर उरलेले 6 टक्के कुणी तरी घेणारच. त्या देशाने स्वतःचा पूरक कर लावला तर तो घेईल. नाही लावला तर मूळ कंपनीचा देश घेईल, आणि मूळ कंपन्यांचे देश बहुतेक श्रीमंतच आहेत. म्हणजे गरीब देशाने सोडलेला महसूल सरळ श्रीमंत देशाच्या तिजोरीत जातो. त्यात जून 2025 मध्ये जी-7 देशांनी अमेरिकी मुख्यालयाच्या समूहांना या व्यवस्थेच्या मुख्य भागातून वगळण्याची भूमिका घेतली. सर्वांत मोठे खेळाडू ज्या देशात आहेत त्याच देशाला मुभा मिळत असेल, तर बळी तो कान पिळी याहून वेगळे काय घडले?

नोव्हेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांनी करविषयक स्वतंत्र आंतरराष्ट्रीय कराराचा ठराव मांडला, तेव्हा बाजूने 125, विरोधात 48 आणि तटस्थ 9 अशी मते पडली. विरोधातल्या नावांवर नजर टाकली की ओईसीडीची सदस्ययादी आठवते. माझ्या दृष्टीने मध्यम कंपनीच्या फाइलपेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे: विक्री आणि श्रम जिथे आहेत त्या देशाचा नफ्यावर हक्क किती?

ताळेबंद:

दक्षिणायन यांचा प्रश्न मोठा आहे हे मान्य, आणि त्यांनी मांडलेल्या मुद्द्यात मी एक भर घालतो, कारण ती माझ्याच मुद्द्याला बळ देते. किमान करामुळे देशांमधली स्पर्धा थांबलेली नाही, तिने फक्त वेश बदलला आहे. नफा 100 आणि कर 15 असताना सरकारने करातून 5 ची सूट दिली तर प्रत्यक्ष दर 10 टक्के होतो आणि पूरक कर लागतो. पण तेच 5 चार वर्षांच्या आत रोख मिळू शकेल असे अनुदान म्हणून दिले, तर नियम त्याला उत्पन्न मानतो. मग कर 15, उत्पन्न 105 आणि दर 14.3 टक्के. खिशात तेवढेच पैसे येऊनही पूरक कर जवळपास नाहीसा होतो. हा फरक ओळखून गुंतवणुकीची जागा ठरवणारा विभाग कुणाकडे असतो? आणि अशी रोख अनुदाने वाटण्याची ऐपत कोणत्या सरकारांकडे असते?

फेरतपासणी यांनी लेटरहेडचे जे उदाहरण दिले ते लबाडीचे आहे आणि तिला दंड व्हायलाच हवा. पण मध्यम कंपन्यांना ज्या प्रश्नाने अलीकडे भंडावून सोडले आहे त्यात लबाडी नाही. एखादा कर्मचारी कौटुंबिक कारणाने दुसऱ्या देशात राहायला गेला आणि घरून काम करू लागला, तर त्याचे घर ही कंपनीची कायम आस्थापना ठरते का? नोव्हेंबर 2025 मध्ये ओईसीडीने आपल्या नमुना कराराच्या (देश आपसातले करकरार ज्याच्या धर्तीवर करतात त्या मसुद्याच्या) भाष्यात खुलासा केला की बारा महिन्यांत निम्म्याहून कमी वेळ तिथून काम होत असेल तर सामान्यतः ठरत नाही, आणि त्याहून जास्त असेल तर तिथे असण्यामागे व्यावसायिक कारण आहे का ते पाहावे. खुलासा चांगला आहे, मात्र भाष्य हा कायदा नव्हे आणि प्रत्येक देश ते मानेलच असे नाही.

फेरतपासणी:

इथे मी ताळेबंद यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एक पुरवणी जोडतो. आम्ही घर पाहत नाही, तो माणूस तिथे बसून काय करतो ते पाहतो. तो तिथल्या ग्राहकांशी किंमत ठरवत असेल आणि मुख्यालय केवळ सही करत असेल, तर घर कुणाचे हा मुद्दाच गौण होतो, कारण प्रतिनिधीमार्फत कायम आस्थापना ही स्वतंत्र कसोटी आहे. कंपनी लेखी कळवते की हा कर्मचारी 'सहायक स्वरूपाचे काम' करतो, आणि तोच कर्मचारी समाजमाध्यमावर स्वतःची ओळख 'विक्रीप्रमुख' अशी करून देतो.

व्यवहारी:

म्हणूनच करविभागाने आधी मनुष्यबळ विभागाशी बोलावे, असे मी अशिलांना सांगतो. पदनाम देताना कुणालाच कर आठवत नाही.

ताळेबंद:

मग माझी मागणी नेमकी करतो. एका ठरावीक रकमेखालच्या समूहांतर्गत सेवांसाठी 5 टक्क्यांची सवलत सर्व देशांनी अटींविना मानावी, आणि एका देशात सादर केलेला तुलनात्मक अभ्यास दुसऱ्या देशाने केवळ 'तुलनेतल्या कंपन्या स्थानिक नाहीत' एवढ्या कारणाने फेटाळू नये.

फेरतपासणी:

पहिली मागणी मला मान्य आहे, किमतीचे टिपण व्यवहाराच्या वेळचे असेल या एकाच अटीवर. दुसरी मान्य नाही. मजुरी, व्याज आणि जोखीम देशागणिक बदलतात, त्यामुळे परक्या बाजारातल्या कंपन्यांच्या नफ्यावरून इथला नफा ठरवणे बरोबर नाही. आणि सेवाशुल्काची सवलत समूहांतर्गत कर्जांना लावण्याचा विचारही कुणी करू नये. सेवा दिली की नाही हे निदान ईमेलवरून कळते. स्वतःच्याच उपकंपनीला चढ्या व्याजाने दिलेले आणि दरवर्षी नूतनीकरण होत राहणारे कर्ज हे खरे कर्ज आहे की भांडवल, हे ठरवण्यासाठी मला संपूर्ण फाइलच लागेल, मग कंपनी कितीही लहान असो.