'नटसम्राट' बघताना तुमच्या घरातलं कोण आठवलं? (अनुभव धागा)

शिरवाडकरांचं हे नाटक २३ डिसेंबर १९७० ला रंगमंचावर आलं, डॉ. श्रीराम लागू अप्पासाहेब बेलवलकर आणि शांता जोग त्यांची बायको कावेरी. नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा कितीतरी जणांनी अप्पा केले. अभिनयावर भरपूर लिहून झालंय, मला विचारायचंय ते त्या घराबद्दल. नट असलेला बाप सत्कारानंतर सगळं मुलांना वाटून टाकतो आणि मग त्याच मुलांना तो जड होतो. हे बघताना तुमच्या आत काय हललं? नाटक, पुस्तक, सिनेमा, कशावरही लिहा. मोकळेपणाने लिहा, फक्त घरच्यांची नावं नकोत.

*

मी लग्नानंतर बघितलं, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला आई, मध्ये मी. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं, मग शारदा म्हणजे ती सून बोलायला लागली, अप्पांचा आवाज, नातीबरोबरचा दंगा, आणि खरं सांगते मला तिचं पटत होतं आणि शेजारी सासूबाई रुमाल तोंडाला लावून रडत होत्या, त्यामुळे मला नीट रडताही येईना. मध्यंतरात तिघी चहाला गेलो, नाटकाचा विषय कोणीच काढला नाही. घरी येऊन साडीची घडी घालता घालता सासूबाईच म्हणाल्या, "अगं ती सून काही वाईट नाहीये, पण दोन माणसं कायमची घरात येणार, तिला आधी कुणी विचारलं का?" मी बघतच राहिले. त्यानंतर आमच्याकडे पाहुणे असोत की खर्च, एकमेकींना विचारून व्हायला लागलं, म्हणजे भांडणं झालीच, पण तोंडावर झाली.

*

आमच्या हौशी ग्रुपमध्ये मी कावेरी केली आहे, पूर्ण नाटक नाही, काही प्रवेश. कावेरी नवऱ्याला 'सरकार' म्हणते त्यामुळे सगळ्यांना वाटतं ती बिचारी सोशिक बाई, पण धोका तिलाच आधी दिसतो. समोरचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये, हे तिचं म्हणणं. तालमीत मी ते रडव्या आवाजात म्हणायचे. दिग्दर्शक म्हणाले, ताई रडू नका, नवरा दौऱ्यावर असताना घर हिने चालवलंय, हिला व्यवहार कळतो. मग मी ते वाण्याची यादी सांगावी तसं सरळ बोलून टाकलं तर अप्पा करणारे काका पुढचं वाक्यच विसरले!

आणि तो चोरीचा आळ. सुनेकडून दुखावून दोघं लेकीकडे येतात, तिथे पैसे सापडत नाहीत आणि नलूला आईबापाचाच संशय येतो. विंगेत उभं राहून प्रेक्षकांतल्या बायका मी बघितल्यात. सुनेच्या प्रवेशात त्या चुळबुळ करतात, आपापसात कुजबुजतात. लेकीच्या प्रवेशात एकदम गप्प. सुनेचा राग करणं सोपं असतं हो, लेकीचं काय करणार?

*

मी शेक्सपिअरचं 'किंग लिअर' आधी वाचलं, विंदा करंदीकरांचं भाषांतर, नंतर 'नटसम्राट'. मूळ कल्पना तिथलीच आहे, म्हातारा जिवंतपणी वाटणी करतो आणि पस्तावतो. लिअरच्या पोरी त्याच्या शंभर सरदारांवरून घासाघीस करतात, पन्नासच आणा, पंचवीसच आणा, शेवटी एकाची तरी गरज काय. तो हिशेब वाचताना मला धडधडायला लागलं कारण आमच्या आजोबांचं असंच झालं, आधी त्यांची खोली गेली, मग कपाट, मग खुर्ची गॅलरीत गेली. प्रत्येक वेळी कारण अगदी योग्य होतं. फरक एकच, लिअरला शेवटी धाकटी मुलगी कॉर्डेलिया परत मिळते, भले थोड्या वेळासाठी. अप्पांना तशी तिसरी मुलगी नाही. माया मिळते ती नोकर विठोबाकडून आणि रस्त्यावरच्या बूटपॉलिशवाल्या राजाकडून. शिरवाडकरांनी हे फार निर्दय केलंय आणि मला ते शेक्सपिअरपेक्षा जास्त खरं वाटतं.

*

माझ्या वडिलांनी हे नाटक बघितलंच नाही. तिकिटं आणली तरी आले नाहीत. त्यांनी आपल्या भावाला विश्वासाने सह्या दिल्या होत्या आणि आम्ही घर सोडलं होतं. एवढंच लिहिते.

*

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी दस्त तयार करण्याच्या कामात आहे. म्हातारे जोडपे बक्षीसपत्र करायला येतात, मुलगा बाहेर गाडी लावत असतो, तेवढ्यात बाई हळूच विचारतात, "आमचं नटसम्राट तर नाही ना होणार?" हा शब्द असाच वापरतात लोक. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहा. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यातलं कलम २३ बघा, त्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं, प्रांतांकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अट लिहायला मुलापेक्षा बापालाच जास्त लाज वाटते, "पोरगा काय म्हणेल". कृपया लाजू नका.

*

मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. मी मुलगा आहे, वडील माझ्याकडे असतात, आणि मला अप्पांच्या मुलाबद्दल, नंदाबद्दल वाईट वाटतं. शेवटी मुलं न्यायला येतात आणि अप्पा जात नाहीत, तिथे सगळं थिएटर अप्पांच्या बाजूने असतं, मी नसतो. चोरीचा आळ अक्षम्य आहे, त्यावर वाद नाहीच. पण मरताना ते काय सांगतात ते ऐका, सगळी भूमिकांची नावं, मी सीझर, मी ऑथेल्लो, मी सुधाकर, मी हॅम्लेट, मग स्वतःचं नाव, नटसम्राट गणपतराव बेलवलकर. त्यात नंदा-नलूचा बाप कुठेच येत नाही. माझे वडील नट नाहीत, पण त्यांच्याही बोलण्यात ऑफिस आणि तिथली माणसंच असतात, आम्ही भावंडं क्वचित. प्रयोग लागला की त्यांना घेऊन जाणार आहे, त्यांना कोणाची बाजू पटते ते विचारून इथेच लिहीन.