मदत हवी आहे: मला स्टेजजवळ उभं राहायचं असतं, नवऱ्याला मागे. कॉन्सर्टला जोडीने जायचं कसं?

पहिली_रांग

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आता गरजेपोटी धागा काढतेय.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे, पण आमचे शनिवार-रविवार त्यात खर्ची पडतात. मला लाइव्ह कॉन्सर्टचं वेड आहे. वेड म्हणजे बॅरिकेडला पोट लावून उभं राहायचं, गिटारवाल्याच्या पायाखालची पेडलं दिसली पाहिजेत, ड्रमचा पहिला ठोका छातीत बसला पाहिजे. घरी हेडफोनवर गाणं याहून स्वच्छ ऐकू येतं, मान्य. मी तिथे स्वच्छ ऐकायला जातच नाही.

नवऱ्यालाही गाण्याची आवड माझ्याइतकीच आहे. उलट कान त्याचाच तयार. बेसवाला कुठे घसरला तर मला पत्ताही नसतो, त्याच्या कपाळावर आठी उमटलेली असते. पण पुढच्या गर्दीत त्याला गुदमरायला होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा कानात शिट्टी वाजत असते. त्याला मागे, जरा मोकळ्या जागेत, जमलं तर बसून ऐकायचं असतं.

यात भर मित्रमंडळींची. निम्मे माझ्यासारखे, निम्मे त्याच्यासारखे, आणि एक महाशय फक्त व्हिडिओ कुठून चांगला येईल ते बघणारे. पण सगळ्यांचा हट्ट एकच : एकत्र आलोय तर एकत्रच उभं राहायचं. मग आम्ही मैदानाच्या मधोमध जाऊन थांबतो. तिथून मला स्टेज दिसत नाही, आणि त्याचे कान वाजायचे ते वाजतातच.

दुसरं म्हणजे, रात्री उशिरा परतायचं आणि लगेच रविवारी पहाटे ग्रुपचा कुठेतरी फिरायला जायचा बेत. त्याला ती पहाट हवी असते, मला अंथरूण.

तर जाणकारांनी सांगा : उभं राहायची जागा कशी ठरवावी? कानात बोळे घातले तर गाण्याची मजा जाते का? वेगवेगळे उभे राहिलो तर नंतर एकमेकांना शोधायचं कसं? मागच्या खेपेला फोन लागायला तयार नव्हते. आणि कृपया "संसार म्हणजे तडजोड" हे सांगू नका. तडजोडच चालू आहे, म्हणून तर दोघंही वैतागलोय.

खुर्चीबहाद्दर

सोपं आहे. त्यांना घरी राहू द्या, तुम्ही मैत्रिणींबरोबर जा. (हलके घ्या.)

पहिली_रांग

तेही करून झालं. मजा आली, पण परतीच्या वाटेवर "ते तिसरं गाणं त्यांनी एवढं संथ का घेतलं" यावर भांडायला कोणी नव्हतं. कॉन्सर्टचा निम्मा आनंद तिथे असतो हो.

फेडर_खाली

ध्वनिव्यवस्थेच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुम्ही तडजोड म्हणून जी जागा निवडता, ती तुमच्या यजमानांसाठी बहुधा सगळ्यात वाईट आहे.

मोठ्या कार्यक्रमात बेसचे सबवूफर स्टेजच्या डाव्या-उजव्या अंगाला जमिनीवर रचलेले असतात. मैदानाच्या मध्यरेषेवर दोन्ही बाजूंचा आवाज एकाच क्षणी पोचतो आणि एकमेकांत भर घालतो. त्या पट्ट्यात बेस सर्वांत जास्त दणकतो. दहा-पंधरा पावलं बाजूला सरका, काही सूर एकमेकांना मारतात आणि दणका चटकन उतरतो. हल्ली सब आडव्या ओळीत मांडून हा फरक कमी करतात, पण सगळीकडे नाही. तुमचा ग्रुप अगदी त्या पट्ट्यातच उभा राहतो, असं वर्णनावरून दिसतंय.

थोडं मागे सरकूनही फार फरक का पडत नाही, तेही सांगतो. मोकळ्या जागी एका साध्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. पण मोठ्या मैदानावर उभ्या ओळीत टांगलेले स्पीकर (लाइन अ‍ॅरे) असतात, आणि ते लांबच्यालाही पुरेसं ऐकू जावं अशाच बेताने लावलेले असतात. त्याहून मागे स्पीकरचे वेगळे मनोरे असतात. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर पाव सेकंदाहून जास्त उशीर. म्हणून मनोऱ्यांवरचा आवाज आम्ही तेवढाच उशिरा सोडतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. अशा मनोऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहिलात तर मागे येऊनही कान वाजणारच.

यजमानांसाठी जागा : मिक्सरचा (आवाज जुळवायच्या यंत्राचा) तंबू जिथे असेल त्याच्या थोडी पुढे किंवा शेजारी, मध्यरेषा सोडून. बरोब्बर मागे नको, तंबू आडवा येतो. मिक्स करणारा माणूस तिथे बसून जे ऐकतो त्यावरच सगळं जुळवतो, त्यामुळे ज्यांना बेसवाल्याची चूक कळते त्यांना खरी गंमत तिथे. गर्दीही तुलनेने विरळ.

आणि ताई, तुम्हाला एक वाईट बातमी. बॅरिकेडपाशी गायकाचा आवाज वर टांगलेल्या मोठ्या स्पीकरमधून नीट येतच नाही, तो तुमच्या डोक्यावरून जातो. तिथे स्टेजच्या काठावरचे छोटे फ्रंट-फिल, ड्रमचा थेट आवाज आणि समोरच्या गिटारचा अ‍ॅम्प एवढंच मिळतं. पण तुम्ही आधीच म्हणालात की स्वच्छ ऐकायला जात नाही, तेव्हा तक्रार नाही.

आता बोळे. जागा कितीही चांगली निवडा, मिक्सरपाशीही आवाज काही कमी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जी मानकं काढली त्यात पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय, शिवाय शांत खोली असावी आणि कानाचे बोळे उपलब्ध असावेत असंही. कामाच्या ठिकाणी वापरतात तो एक कडक हिशेब असा आहे की 85 डेसिबलला आठ तास चालतील, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करायचा. त्या हिशेबाने 100 ला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. कार्यक्रम दोन-अडीच तासांचा असतो. 15 डेसिबल कमी करणारा बोळा नीट बसला तर तोच आवाज कानापाशी 85 वर येतो. डब्यावरचा आकडा प्रत्यक्षात थोडा कमीच मिळतो, तरीही.

फोमचे पिवळे-केशरी बोळे वरचे सूर जास्त खातात, म्हणून झांज आणि शब्द दबल्यासारखे वाटतात. "मजा जाते" म्हणणारे बहुतेक हेच घालून आलेले असतात. संगीतासाठी फिल्टरचे बोळे मिळतात, ते सगळे सूर जवळपास सारखेच खाली आणतात. आम्ही सगळे तेच घालतो.

खुर्चीबहाद्दर

अवांतर : द हू या बँडची 1976 च्या लंडनमधल्या कार्यक्रमासाठी गिनीज बुकात सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नोंद झाली होती, 126 डेसिबल. पुढे गिनीजने तो प्रकारच बंद केला, लोकांनी कान फोडून घेऊ नयेत म्हणून. त्यांचा गिटारवादक पीट टाउनशेंड कान गेल्याबद्दल वर्षानुवर्षं जाहीरपणे बोलतोय.

सांजवारा

कोल्डप्ले बँडचा गायक ख्रिस मार्टिन, त्याचंही तेच. कानात कायम आवाज येतो हे त्याने स्वतः सांगितलंय, आणि आता तोही स्टेजवर कानाची काळजी घेतो.

पहिली_रांग, कानाचा विषय मनावर घ्या. कान वाजणं रात्रीत किंवा दिवसभरात थांबलं तर ठीक, पण ते दरवेळी होत असेल तर ती सूचना आहे. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की माणसाला परत येत नाहीत. शिट्टी दोन दिवसांनीही थांबली नाही, किंवा एका कानाने कमी ऐकू आलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लगेच जा, "बघू पुढच्या आठवड्यात" नको. हे तुम्हालाही लागू आहे बरं का, पुढे तर तुम्ही उभ्या असता.

आता जोडीचं. आमच्याकडे पात्रं उलटी आहेत, पुढे घुसणारा तो. आम्ही "एकत्र" याचा अर्थ बदलून टाकला. आत शिरताना एकत्र, सुरुवातीच्या कलाकाराला एकत्र, कारण तेव्हा पुढे जागाही असते आणि आवाजही बऱ्याचदा जरा बेताचा. मुख्य बँड यायच्या आधी तो पुढे जातो, मी मागे. शेवटच्या दोन-तीन गाण्यांना तो मागे येतो. त्यात त्याचं नुकसान वाटेल, पण शेवटी मागे आल्यामुळे बाहेर पडायची चेंगराचेंगरी टळते, आणि ते गाणं आम्ही गळ्यात गळा घालून ऐकतो. घरी जाताना त्याच्याकडे पुढच्या गोष्टी असतात, माझ्याकडे मागच्या. तुम्हाला भांडायला माणूस हवाय ना? दोन वेगळ्या जागांवरून ऐकलेलं असलं की भांडण जास्त रंगतं.

मित्रांना मात्र हे आधी सांगून ठेवा. मैदानात पोचल्यावर सांगितलंत तर रुसवेफुगवे होतात.

नकाशेवाला

शोधाशोधीबद्दल. हजारो फोन एकाच टॉवरवर तुटून पडतात, त्यामुळे रेंज दिसते पण काही जात नाही. कॉल आणि चॅटपेक्षा साधा एसएमएस पोचायची शक्यता बरी, कारण त्याला फार थोडी जागा लागते. पण तोही उशिरा येतो, म्हणून संदेशात "मी इथे आहे" लिहू नका, वेळ घालून लिहा : "9.40, तंबूच्या डावीकडे". नाहीतर तो अर्ध्या तासाने वाचून भलतीकडे शोधत बसेल.

खरा उपाय म्हणजे आत शिरल्यावर, उजेड असताना, भेटायची जागा सगळ्यांनी चालत जाऊन बघून ठेवायची. दाराशी ठरवू नका, सगळा लोंढा तिथूनच जातो, थांबूच देत नाहीत. हलणारी वस्तू नको, कोणाचा झेंडा नको. मैदानातून बाहेरच्या बाजूला असलेला एखादा ठरावीक खांब, नंबर लिहिलेला असेल तर उत्तम. आणि "संपल्यावर वीस मिनिटांत कोणी आलं नाही तर थेट गाडीपाशी" हेही आधीच ठरवा.

पुढे उभं राहणाऱ्यांसाठी अजून एक. एका चौरस मीटरात पाच-सहा माणसं झाली की गर्दी तुमच्या पायांवर राहत नाही, लाटेसारखी ढकलली जाते. हात खाली अडकले आहेत असं वाटायला लागलं की गाणं कितीही आवडतं असो, निघा. कोपरं वाकवून हात छातीसमोर धरायचे, म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेविरुद्ध मागे ढकलायचं नाही. लाट ओसरली की तिरकं बाजूला सरकत राहायचं. बॅरिकेडपाशी असाल तर सरळ सुरक्षारक्षकाला हात करा, ते वरून उचलून घेतात.

पहिली_रांग

सगळ्यांचे मनापासून आभार! नवऱ्याला हा धागा वाचून दाखवला. मध्यरेषेचं वाचून तो "मी म्हणत नव्हतो?" असं चक्क दोनदा म्हणाला. (तो असं काहीही म्हणत नव्हता.)

रविवार पहाटेचं कोणीच बोललं नाही?

सांजवारा

हो की, राहिलंच. आम्ही एका शनिवार-रविवारात एकच मोठी गोष्ट ठेवतो. कॉन्सर्ट असेल तर दुसऱ्या दिवशीची सहल दुपारनंतरची आणि जवळची, आणि ती शांत असायला हवी. कानांनाही विश्रांती लागते. ट्रेक वगैरे पुढच्या आठवड्यात, आणि त्या बेताची सूत्रं त्याच्याकडे. ज्यांना पहाटे जायचंच आहे त्यांनी जावं, दर वेळी सगळ्यांनी सगळीकडे गेलंच पाहिजे असं थोडंच आहे. तुमच्या नवऱ्याला पहाट हवी असेल तर त्याला मित्रांबरोबर जाऊ द्या, तुम्ही झोपा. कॉन्सर्टला तुम्ही दोन तास वेगळे राहू शकत असाल तर हेही जमेल.

खुर्चीबहाद्दर

आणि तिकिटं एकाने काढून नंतर वसुली करत फिरू नका. ज्याचे पैसे आले त्याचं तिकीट. आमचा ग्रुप गर्दीमुळे नाही, हिशेबामुळे फुटला.

पहिली_रांग

+१. आमच्याकडे वसुलीचं काम माझ्याकडेच आहे, कळ पोचली.

फेडर_खाली, एक शेवटची शंका. फिल्टरचे बोळे आणले, आज घरी घालून बघितले. गाणं छान येतंय, पण मी बरोबर गायला लागले की माझाच आवाज डोकं माठात घातल्यासारखा घुमतो. मला तर सगळी गाणी गायची असतात. हे असंच राहणार का?

फेडर_खाली

नाही. तुमचा आवाज हाडांतून कानाच्या नळीत येतो आणि बोळ्यामुळे बाहेर पडू शकत नाही, म्हणून घुमतो. बोळा अर्धवट बसला असेल तर जास्त घुमतो. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते, मग बोळा हळूहळू फिरवत आत सरकवा. बाहेर दांडी किंवा कड जेमतेम दिसली पाहिजे. काढतानाही झटका देऊ नका, फिरवत काढा, नाहीतर पडद्यावर दाब येतो. बसल्यावर "आ" म्हणून बघा. तरीही घुमलं तर डब्यात लहान-मोठी टोकं दिलेली असतात, ती बदलून बघा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं नाही.