एकदा फसले की दुसरा फोन येतो
आईवडील फोनवरच्या फसवणुकीला बळी पडू नयेत म्हणून त्यांचे पैशांचे सगळे व्यवहार मुलांनीच हातात घ्यावेत असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत, आयुष्यभर स्वतःचं स्वतः बघितलेल्या माणसाला ते फार लागतं आणि मग पुढे काही झालं तरी ते सांगतच नाहीत. आमचे बाबा पहिल्यांदा फसले तेव्हा आम्ही ओरडू म्हणून गप्प बसले आणि महिन्याभरात दुसरा फोन, तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त आधी फी भरा. बाबांच्या वहीत त्या फोन करणाऱ्या माणसाचं नाव, हुद्दा, केस नंबर सगळं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेलं, बघून पोटात तुटलं. फसलेल्यांचे नंबर हे लोक एकमेकांना विकतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. आता व्यवहार बाबाच करतात, फक्त बँकेचा अलर्ट माझ्याही मोबाईलवर येतो.